अकरा मरसिये आणि एक तक्रार

नाना खारा, ता. राजुला
१७ फेब्रुवारी २०१४

चि. वजसुर,
जय मुरलीधर.

तुझा फोन लागत नाही. लागला तरी मला फोनवर बोलणं जमत नाही, म्हणून लिहितो.

तुझी फुई, माझी वेजी, २ तारखेला गेली. सकाळी म्हशीला आंबोण घालून ओसरीवर टेकली ती उठली नाही. मी बत्तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली, अडलेली वासरं हाताने ओढून काढली, आणि त्या दिवशी तिचं मनगट धरून नुसता बसून राहिलो. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

तू आला नाहीस. तुझ्या बापाची एकुलती एक बहीण होती. कामात असशील.

लिहायचं कारण वेगळं आहे. बायका जमल्या, पन्नासेक असतील. गोल करून उभ्या राहिल्या आणि कोणी सुरुवातच करेना. चाळीस वर्षं आसपासच्या बारा गावांत माणूस गेलं की रडण्याच्या गाण्याची, मरसियाची, पहिली ओळ वेजीने घ्यायची आणि बाकीच्यांनी झेलायची. झेलणाऱ्या सगळ्या आल्या होत्या. घेणारी आत कापडाखाली होती. शेजारची जेठी म्हणाली, "अगं, हिलाच उठवा कोणीतरी, हिच्याशिवाय कोण गाणार!" आणि मटकन खाली बसली. बारा गावांना रडवणारी बाई मुक्यानेच गेली.

आमच्या कंकूला आईने शिकवलं नव्हतं. कुमारी मुलीला मरसिया शिकवत नाहीत. तिने मोबाइल काढला. दोन वर्षांपूर्वी वसतिगृहात असताना तिने आईचं नाव टाकून शोधलं होतं, तेव्हा पहिल्याच ओळीत सापडलं होतं. खाली कोणी सुरतहून, कोणी आफ्रिकेहून लिहिलं होतं की आमच्याकडे आता गाणारं कोणी नाही, बा गेली तेव्हा वेजीबेनचा आवाज लावला. या वेळी काहीच आलं नाही. तळाला एक ओळ होती: तक्रार आल्यामुळे काही निकाल काढून टाकले आहेत.

ते मरसिये तूच रेकॉर्ड करून चढवले होतेस. २००७ मध्ये, गावाच्या वेशीबाहेर, पादरावरच्या वडाखाली. तिने मशीन गावाच्या आत आणू दिलं नव्हतं. मरसिया घरात ठेवला तर घर माणूस मागतं, असं ती मानायची. म्हणून एकही प्रत घरात नाही. तू तिला सांगितलं होतंस, "फुई, मी अशा ठिकाणी ठेवतो की कोणाच्याच घरात राहणार नाही आणि मागेल त्याला मिळेल." ती हसली होती, "म्हणजे पादरावरच की रे!"

आता घरात सोग आहे, दुखवटा. सोग आहे तोवर घरात मरसिया चालतो. पण कंकूचं लग्न ४ मेला ठरलेलं आहे, म्हणून मोठ्यांनी वर्षाची वरसी लवकर उरकायचं ठरवलं. २७ एप्रिल. त्या दिवशी सोग उतरेल, त्यानंतर या घरात मरसिया लावता येणार नाही.

मी कायम बाहेर, पुरुषांत बसून भिंतीपलीकडून तिचं ऐकलं. एकदा माझ्या घरात, समोर बसून ऐकायचं आहे. एवढंच काम आहे. ते कुठे गेलं, कसं मिळेल, कळव.

तुझा फुआ,
रामशी

*

राजकोट
२८ फेब्रुवारी २०१४

पू. फुआ,
जय मुरलीधर.

पत्र मिळालं. मी यायला हवं होतं. ऑफिसात रजा मिळाली नाही हे खरं आहे, पण ते कारण सांगायलासुद्धा लाज वाटते. फुईने मला लहानपणी तिच्या घरी तीन वर्षं सांभाळलं, हे मी विसरलेलो नाही.

तुम्ही विचारलंत ते सांगतो. आपण मरसिये ठेवले होते ती फाइली ठेवण्याची एक साइट होती. कोणीही काहीही ठेवावं, कोणीही न्यावं. अशा साइटवर लोक सिनेमे आणि गाणीही फुकट ठेवतात. मग गाण्यांच्या कंपन्या शोधयंत्रवाल्यांकडे तक्रार करतात की हा आमचा माल आहे, दाखवू नका. रोज लाखो तक्रारी जातात. तिथे माणूस बसून ऐकत नाही फुआ, यंत्रच काढून टाकतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं.

पण त्याहून वाईट पुढे आहे. मी काल पाहिलं. शोधात दिसेनासं झाल्यावर तिथे कोणी जाईना. आणि त्या साइटचा नियम आहे, नव्वद दिवस एखादी फाइल कोणीच उतरवून घेतली नाही तर ती पुसायची. आपली पुसली गेली. माझ्याकडेही प्रत नाही. फुईने शपथ घातली होती, तुम्हाला माहीत आहे.

बाजारात मरसियांची एक सीडी मिळते. चांगली गायिका आहे. हवी असेल तर पाठवतो.

कंकूला धीर द्या. तुम्ही जेवत जा.

तुमचा,
वजसुर

*

नाना खारा
१० मार्च २०१४

चि. वजसुर,

तुझं पत्र मिळालं. ती सीडी पाठवू नकोस. राजुल्याच्या बाजारात मी घेतली आणि दुकानदाराच्याच मशीनवर ऐकली. ऑर्गन आहे, ढोलक आहे, पोरगी गोड गाते. तिसरं गाणं सुरू झालं आणि मी दुकानदाराला म्हटलं, बंद कर. ते वेजीचं होतं. म्हैस दावं तोडते, तुझा हात ओळखते. हे तिने मेरामण सुताराच्या बापासाठी बांधलं होतं, ८६च्या दुष्काळात. म्हातारा चाऱ्याच्या छावणीत गेला तेव्हा मी तिथे ड्यूटीवर होतो. ती म्हैसही मी पाहिली आहे.

मग पुन्हा लावायला सांगून बाकीचे ऐकले, अकराच्या अकरा तिचेच निघाले. फक्त मेलेल्या माणसांची नावं काढून टाकली आहेत. मग ती पोरगी रडते तरी कोणासाठी?

सीडीच्या पाठीवर नाव होतं, शेत्रुंजी साउंड, राजकोट. खाली फोन होता. मला फोनवर बोलता येत नाही, तरी मी लावला. पारेख नावाचे कोणी होते.

मी म्हटलं, "ही गाणी माझ्या बायकोची आहेत."

ते म्हणाले, "काका, लोकगीत कोणाच्या बायकोचं नसतं."

"मग तुमचं कसं झालं?"

"रेकॉर्डिंग आमचं आहे ना! आणि सारखंच गाणं कोणी फुकट वाटत असेल तर आम्ही तक्रार करणार. धंदा आहे."

"तिचं २००७चं आहे. तुमच्या सीडीवर २०१२ छापलंय."

"कागद आहे का तुमच्याकडे?"

"कसला कागद?"

"नोंदणीचा. नाही ना? मग सोडा काका, वय झालं तुमचं, देवाचं नाव घ्या."

मी आयुष्यात कोणाला शिवी दिली नाही. त्या दिवशी राजुल्याच्या बसस्टँडवर दिली, आणि फोन ठेवल्यानंतर दिली, म्हणून अजून जळफळतो आहे. जिने बांधलं ती चोर, आणि चोरलं तो मालक! आणि ते शोधयंत्रवाले, जगातलं सगळं ज्यांना कळतं म्हणतात, त्यांना २००७ आधी येतं की २०१२, एवढंही कळू नये? दुसरीतलं पोर सांगेल.

आपल्या पंचायतीत ई-ग्रामच्या कंप्युटरवर इलेश बसतो. त्याने हरकत घेण्याचा अर्ज उघडून दिला. त्यात पहिलाच प्रश्न: या कृतीचे मालक तुम्ही आहात का? खाली: खोटं निघाल्यास शिक्षा होईल. इलेश म्हणाला, "टाका ना काका, हो. कोण बघतंय?" मी टाकलं नाही. वेजी म्हणायची, मरसिया ज्याच्यासाठी गायला त्याचा. मेरामणच्या बापाची सही कुठून आणू?

पण तक्रार कोणी केली ते मला कळायला हवं. पारेख स्वतः बसून करत नसणार. कोणीतरी तिचं नाव वाचलं असेल, आवाज ऐकला असेल, आणि तरी लिहिलं असेल. त्या माणसाचं नाव हवं. तू राजकोटला आहेस, कंप्युटरवर काम करतोस. शोध.

रामशी

*

राजकोट
१९ मार्च २०१४

पू. फुआ,

घाईत लिहितो.

मी चौकशी केली. अशी नावं कोणी सांगत नाही. नाव कळून तरी काय करणार? तो बिचारा पगारावर काम करणारा असेल. दिवसाला शंभर-शंभर नावं टाकायची असतात, कोणाचा चेहरा दिसतो का त्यात? मोठी माणसं आहेत फुआ, आपण त्यांच्या नादी लागू नये. पारेख वकील लावतील. लग्नघर आहे तुमचं.

फुई परत येणार नाही. शांत व्हा.

वजसुर

*

नाना खारा
२ एप्रिल २०१४

वजसुर,

शोधाच्या पानावरच्या त्या तळाच्या ओळीवर बोट ठेवलं की पुढे एक पान उघडतं, हे तुला माहीत असेलच. मला माहीत नव्हतं. इलेशला काल सापडलं. ज्यांचं काढून टाकतात त्यांना तक्रार वाचता यावी म्हणून ती जशीच्या तशी ठेवलेली असते. त्याने छापून दिली. अकरा कागद निघाले. दर कागदावर वर एका मरसियाची पहिली ओळ, खाली आपल्या साइटचा पत्ता.

अकराव्या कागदाच्या शेवटी लिहिलं आहे: वरील सर्व माहिती खरी असल्याचे मी शपथेवर सांगतो. शेत्रुंजी साउंडच्या वतीने, वजसुर कानाभाई बलदाणिया.

इलेशनेच आधी वाचलं. तो म्हणाला, "काका, हे नाव आपल्याकडचंच दिसतं." मी म्हटलं, "हो, आपल्याकडचंच आहे." कागदांची घडी केली आणि घरी आलो. कंकूला अजून सांगितलेलं नाही.

मी महिनाभर पारेखवर जळत होतो. शोधयंत्रवाल्यांवर जळत होतो. ते परके आहेत. त्यांनी वेजीच्या हातचा रोटला खाल्लेला नाही. तू खाल्लास. गोवर आला तेव्हा तिने तुला मांडीवर घेऊन सात दिवस काढले. तेव्हा ती मरसिये गायला कुठे गेली नाही, मेलेल्याच्या घरची हवा तुला लागू नये म्हणून. एका घरचं बोलावणं तिने आयुष्यात एकदाच मोडलं, ते तुझ्यासाठी.

"तो बिचारा पगारावर काम करणारा असेल." हे तू स्वतःबद्दल लिहिलंस. मला शांत व्हायला सांगितलंस. आणि त्याआधी सुक्याबरोबर ओलं जळाल्याचं सांगितलंस, जसं काही वणवा कुठून तरी आपोआप आला.

आमच्या खात्यात एक डॉक्टर होता. लस न टोचता रजिस्टर भरायचा. जनावरं मेली तेव्हा शेतकऱ्यांबरोबर उभा राहून हळहळला. मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही.

तुला एकच विचारतो, का केलंस. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. मी विचारलं होतं, एवढं राहील.

रामशी

*

राजकोट
९ एप्रिल २०१४

पू. फुआ,

पाय धरतो. पत्रात धरता येत नाहीत, पण धरतो.

सगळं सांगतो. सुरतेला भरतकामाच्या मशीनवर डोळे जायला लागले होते. २०११ मध्ये पारेखशेठ भेटले, त्यांना नवीन लोकगीतं हवी होती. मी मोठेपणाने म्हटलं, माझी फुई गाते. त्यांना साइटवरून ऐकवलं. ते म्हणाले, "हे सोनं आहे, हिला स्टुडिओत आण." मी सांगितलं, ती नाही येणार, माणूस गेल्याशिवाय छपराखाली गात नाही. मग ते म्हणाले, आपली पोरगी गाईल, पण फुईचं नाव आणि फोटो वर देऊ, आणि तू इथे नोकरीला लाग.

पोरगी ऐकून ऐकून शिकली. काम झाल्यावर मी म्हटलं, एक प्रत कंपनीच्या मशीनमध्ये राहू द्या. तर सगळे ओरडले, "खऱ्या मेलेल्या माणसांची नावं आहेत त्यात, पूस आधी ते!" शेठने स्वतः अगरबत्ती लावली. ते आपल्याकडचेच ना, त्यांनाही भीती वाटते. नावं काढून गायलेलं विकायला त्यांना भीती नाही.

सीडी आली तेव्हा वर फुईचा फोटो नव्हता, बैलगाडी होती. मी फुईला तोंड दाखवलं नाही. दिवाळीलाही आलो नाही. ती फोन करायची, "काय रे, राजकोट काय विलायतेत आहे का?" मी काहीतरी सांगायचो.

तक्रारींचं काम गेल्या वर्षी माझ्याकडे आलं. दिवसाला शंभर पत्ते. एकेक टाकायला वेळ लागतो म्हणून मी ती अख्खी साइटच यादीत टाकली. फुईचे मरसिये तिच्यात आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ही माझी चूक आहे. ध्यानात असतं तर हात कापून घेतला असता.

मी तक्रार मागे घेतो. माझ्याच नावाने आहे, मीच घेऊ शकतो. नोकरी जाईल, जाऊ दे. पण फाइली परत येणार नाहीत. पुसलेलं पुसलं.

तुमचा,
वजसुर

*

नाना खारा
२१ एप्रिल २०१४

वजसुर,

तुझं पत्र खोटं आहे.

अख्खी साइट टाकायची तर एक ओळ पुरली असती. इथे अकरा कागद आहेत. अकरा पहिल्या ओळी तू एकेक करून लिहिल्या आहेस, आणि सीडीवर आहेत तशा नाही, वेजी म्हणायची तशा. मेरामणच्या बापाचं नाव सीडीवर नाही, तुझ्या कागदावर आहे. ध्यानात नव्हतं म्हणतोस? ऐकत ऐकत लिहिलं आहेस तू.

आता जे झालं ते ऐक.

काल बायका आल्या होत्या, वरसीच्या आधीच्या बैठकीला. पुन्हा तसंच, गोल करून उभ्या, गप्प. मी ओसरीबाहेर पुरुषांत होतो. काय झालं मला, मी उठलो, कागद घेतले आणि दारात जाऊन उभा राहिलो. तिथे पुरुषाने जायचं नसतं. जेठी म्हणाली, "रामशीभाई, वाट चुकलात का?"

मी म्हटलं, "मला गाता येत नाही. मी वाचतो." आणि पहिला कागद वाचला. लसीची यादी वाचतात तसा. पोहरा विहिरीत लटकतो, पाणी कोण शेंदील.

मग मागून एक म्हातारी, तिचं नावही मला माहीत नाही, तिने दुसरी ओळ झेलली. मग तिसरी पन्नास जणींनी. छाती पिटल्याचा आवाज आला. त्यांना सगळं येत होतं, वजसुर. चाळीस वर्षं झेललेलं सगळं आत होतं, फक्त पहिली ओळ लागत होती. ती वेजीपाशी असायची. आता ती जगात एकाच ठिकाणी लिहिलेली आहे, तुझ्या तक्रारीत. या गोष्टीचा मला आनंद होत नाही. संताप होतो.

मी सहा कागद वाचले. सातव्यावर ओळ अर्धी आहे. "भावाच्या गावची वाट आता" एवढंच. पुढे कोरं. जेठीने विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, "पुढे लिहिलेलं नाही." जेठी म्हणाली, "मग हे कोणाचं ध्यान, दळण अर्धं टाकून उठलं?" पुढचे चार वाचले, पण सातवा राहिला. कोणाला तो आठवेना, आणि सीडीवर त्याची सुरुवातच बदललेली आहे. तो इथे गायलेलाच नाही. वेजीने तो फक्त तिच्या माहेरी गायला असणार.

अर्जात जागा संपली असं इलेशला वाटतं. मला तसं वाटत नाही. बाकीच्या दहा ओळी त्याहून लांब आहेत.

वरसी रविवारी आहे. माफी लिहू नकोस. ती ओळ लिही.

रामशी

*

राजकोट
२५ एप्रिल २०१४

फुआ,

टपालाने रविवारपर्यंत पोचणार नाही, म्हणून राजुला बसच्या कंडक्टरच्या हाती देतो आहे.

तुम्ही म्हणता ते खरं आहे. मला माहीत होतं. शेठने सांगितलं होतं, "घरचंच आहे म्हणून सोडशील, तर उद्या सगळेच सोडायला सांगतील." कानाला लावून एकेक ओळ ऐकत होतो आणि लिहीत होतो. सहा लिहिल्या. काम म्हणून लिहिल्या.

सातवा तिने माझ्या बापूसाठी गायला होता. मी नऊ वर्षांचा होतो. ती नाना खाऱ्याहून आमच्या गावापर्यंत अनवाणी आली होती, आणि पादरावरूनच सुरुवात केली होती. अर्धी ओळ लिहिली आणि पुढे बोटं चालेनात. तरी मी थांबलो नाही, फुआ. ती अर्धीच ठेवली आणि आठवी लिहिली. एवढंच खरं सांगायचं राहिलं होतं.

ओळ अशी आहे:

भावाच्या गावची वाट आता कोणाच्या नावाने विचारू.

वजसुर

*

नाना खारा
२९ एप्रिल २०१४

वजसुर,

ओळ शनिवारी संध्याकाळी मिळाली.

रविवारी सातवा झाला. जेठीने तो फिरवून घेतला: बहिणीच्या घरची वाट आता कोणाच्या नावाने विचारू. पुढच्या ओळी त्यांनी तिथल्या तिथे बांधल्या, वेजीचं नाव घालून. म्हैस आली त्यात, तिचं आंबोण आलं, ओसरी आली. मी दारातच उभा होतो. कोणी मला जा म्हटलं नाही. तिचा आवाज मला मिळाला नाही. तो तू घालवलास आणि तो गेला. बाकी जे मिळालं ते तिचं होतं.

तक्रार मागे घेतल्याचं इलेशने दाखवलं. नोकरी गेल्याचं तुझ्या आईने कळवलं. तुझी कीव करायला मी सध्या मोकळा नाही.

कंकूला सगळं सांगितलं आहे. ती म्हणाली, मांडवाला मामाच्या घरचा माणूस लागतोच, आईच्या माहेरचा तू एकटाच आहेस. म्हणून ४ तारखेला ये. मी तुझ्याशी बोलणार नाही. जेठी बोलेल, तेवढी तयारी ठेव.

आणखी एक. सोग उतरला. घर सारवून झालं. ते अकरा कागद आता मला घरात ठेवता येत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पादरावर वडाच्या ढोलीत ठेवले आहेत. बारा गावांना सांगितलं आहे, ज्याच्या घरी माणूस जाईल त्याने न्यावेत आणि परत आणून ठेवावेत. तुझं नाव शेवटच्या कागदावर आहे तसंच राहू दिलं आहे. जो वाचील तो तेही वाचील.

बसमधून उतरशील तेव्हा तो वड समोरच लागतो.

रामशी